कार्बाइन-पिस्तूल क्लासला जाताय? आधी होल्स्टर आणि स्लिंगचं बघा

इकडे अमेरिकेत कार्बाइन (म्हणजे आखूड रायफल) आणि पिस्तूल अशा दोन दिवसांच्या क्लासला नाव दिलं असेल तर गोळ्यांची ऑर्डर नंतर, आधी होल्स्टर (पिस्तूल ठेवायचं कमरेचं म्यान) आणि स्लिंग (रायफल अंगावर अडकवायचा पट्टा). कारण या क्लासमध्ये ट्रान्झिशन करावं लागतं, म्हणजे काय तर रायफल रिकामी झाली किंवा अडकली की ती खाली सोडून पिस्तूल काढायचं, आता सोडलेली रायफल जाऊन कुठे लटकते ते स्लिंग ठरवतो आणि पिस्तूल नीट परत जातं का ते होल्स्टर.

होल्स्टर घेताना सगळ्यांचं लक्ष पिस्तूल किती झटकन निघतं याकडे. मी म्हणेन परत ठेवायचं बघा, गडबड तिथेच होते. कायडेक्सचं (कडक प्लास्टिकचं) घ्या, तुमच्याच मॉडेलचं, पिस्तुलावर लाइट असेल तर त्या लाइटसकट बसणारं, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारं. मऊ नायलॉनचं 'सगळ्या पिस्तुलांना चालेल'वालं स्वस्त मिळतं पण पिस्तूल काढलं की त्याचं तोंड मिटतं, मग ते उघडायला दुसरा हात लागतो आणि तो हात नेमका नळीसमोर येतो. लॉक असलेलं बरं, रायफल घेऊन पळताना-बसताना पिस्तूल पडायला नको, पण लॉक अंगठ्याने उघडणारं घ्या, सफारीलँडच्या एएलएससारखं. तर्जनीने बटण दाबायचं डिझाइन बऱ्याच ट्रेनर लोकांना चालतच नाही, घाईत दाबलेलं बोट तसंच आत ट्रिगरवर जातं. खांद्याखालचं आणि पाठीमागचं होल्स्टरही बहुतेक ठिकाणी बंद, तेव्हा क्लासचे नियम आधी वाचा. बेल्ट मात्र कडक हवा, जीन्सवरचा रोजचा नको.

आता स्लिंग. वन-पॉइंट, म्हणजे रायफलला एकाच जागी जोडलेला, दिसायला भारी, पण हात सोडला की रायफल दोन पायांच्या मध्ये झुलते आणि कुठे लागते ते सांगायला नको. टू-पॉइंट, म्हणजे पुढे आणि मागे दोन जागी जोडलेला, घ्या, एका ओढीत घट्ट-सैल होणारा, व्हिकर्स स्लिंग किंवा त्या जातीतला कुठलाही. घरी रिकामी रायफल अडकवून लांबी ठरवा, उजव्या हाताने नेम धरणाऱ्याची रायफल डाव्या बाजूला नळी खाली करून लटकली पाहिजे, होल्स्टरच्या वाटेत नाही, आणि एक गुडघा टेकल्यावर नळी मातीत जाते का तेही बघा. रायफल फेकायची नसते हां, डाव्या हाताने खाली न्यायची आणि उजवा हात पिस्तुलाकडे. जाता जाता सेफ्टी लावायची, एआर-१५ जातीच्या रायफलमध्ये हॅमर (गोळी उडवणारा आतला हातोडा) पडलेला असला तर ती लागणार नाही पण अंगठ्याला सवय हवी. डाव्या बाजूला रायफल आली की तिथल्या पाऊचमधली पिस्तुलाची जादा मॅगझिन (गोळ्या भरायचे कप्पे) झाकली जातात, हे फायरिंग लाइनवर उभं राहिल्यावर कळण्यापेक्षा घरीच कळू दे आणि पाऊच थोडा पुढे सरकवा. क्यूडी स्विव्हलचं (स्लिंग रायफलला जोडणाऱ्या, बटण दाबून निघणाऱ्या कडीचं) सॉकेट गोल गोल फिरणारं असेल तर पट्ट्याला पीळ पडतो, फिरणं अडवणारं मिळतं ते बसवा.

स्लिंगचं लोंबणारं टोक रबर बँडने किंवा टेपने बांधाच, जॅकेटची दोरी काढून टाका, शर्ट खोचा. यातलं काहीही पिस्तुलाबरोबर होल्स्टरमध्ये गेलं तर ट्रिगर ओढला जाऊ शकतो. म्हणून परत ठेवताना घाई नाही, बघून ठेवायचं, तिथे कोणी टायमर लावत नाही. पॅंट पूर्ण लांबीची, तापलेली नळी मांडीला लागते.

जायच्या आधी आठवडाभर घरी रोज थोडी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळ्यांशिवाय सराव, गोळ्या दुसऱ्या खोलीत, दोन्हींचे चेंबर डोळ्यांनी बघून आणि बोट घालूनही तपासायचे. थ्री-गन (रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशा तिन्हींच्या स्पर्धेची) मॅच बघून शिकू नका, तिथे रायफल बहुतेक वेळा सेफ्टी लावून ड्रममध्ये ठेवतात, स्लिंगचा फारसा संबंधच येत नाही.

आणि हो, बॅगेत अॅलन की टाका, कायडेक्सचे स्क्रू हळूहळू ढिले होतात, आदल्या रात्री निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून ठेवलं तर उत्तम, फक्त पहाटे लावू नका, ते सुकायला वेळ घेतं.