ग्लॉसी स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड दिसतंय? फिल्म घ्यायच्या आधी हे करून बघा

दुकानात लॅपटॉपची ग्लॉसी (चकचकीत) स्क्रीन काय भारी दिसते, काळा एकदम काळाकुट्ट, रंग टवटवीत, आणि घरी आणली की दुपारी चार वाजता एक्सेल शीटच्या जागी आपलं थोबाड आणि मागे दोरीवर वाळणारे कपडे. आमचं घर कांदिवलीला, हॉलची खिडकी बरोब्बर पश्चिमेला, त्यामुळे हा वैताग मी भरपूर काढलाय.

कोणालाही विचारा, पहिलं उत्तर मॅट फिल्म (स्क्रीनवर चिकटवायचा, चमक मारणारा पातळ पापुद्रा) लाव. थांबा जरा, फुकटात होतंय ते आधी करू. लॅपटॉप बंद करा, नेहमीच्या जागी बसा आणि नुसतं काळ्या स्क्रीनकडे बघा, आरसाच झालेला असतो तो. त्यात जे जे चमकतंय ते तुमचे दुश्मन. माझ्याकडे तीन निघाले, पाठीमागची ट्यूब, किचनची खिडकी आणि (हसू नका) माझा पांढरा बनियन. तेव्हापासून कामाला बसताना गडद टीशर्ट, खरंच फरक पडतो.

ग्लॉसी काचेवर प्रकाश ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परत उडतो, मॅटवर तो सगळीकडे विखुरतो, बस एवढाच खेळ आहे. म्हणून स्क्रीन थोडी पुढेमागे कलवली तरी ट्यूबची ती पांढरी पट्टी डोळ्यांपुढून निघून जाते. खिडकी पाठीमागे नको, आणि समोरही नको कारण मग डोळे उजेडाला सरावतात आणि स्क्रीन अंधारी वाटते. बाजूला हवी. आता दहा बाय दहाच्या खोलीत टेबल कुठे फिरवणार म्हणाल, तर टेबल राहू दे, खुर्ची दुसऱ्या बाजूला टाका, मागची ट्यूब बंद करून बाजूला टेबल लॅम्प लावा, खिडकीला जाड पडदा.

डार्क मोड दिवसा बंद. काळ्या बॅकग्राउंडवर प्रतिबिंब जास्त उठून दिसतं, पांढऱ्यावर बरंचसं लपतं. ब्राइटनेस वाढवा, पण बाल्कनीत उन्हात बसून जिंकायची अपेक्षा नको, साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५०-३०० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) असते आणि भर उन्हात उजेड १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं माप) आसपास, ऑफिसात तो ३००-५०० असतो.

लोकलमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्या थोर लोकांसाठी, वेस्टर्नला सकाळी चर्चगेटकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी विरारकडे येतानाही डावीकडूनच, म्हणजे गाडीच्या दिशेने तोंड केलं तर दोन्ही वेळी उजवीकडची खिडकी पकडा. मिळाली तर.

एवढं करूनही भागलं नाही तर फिल्म. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल, पण नुसतं "चौदा इंची" सांगून घेऊ नका, १६:९ आणि १६:१० (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) ची चौदा इंची स्क्रीन लांबीरुंदीला वेगळी असते, घरून पट्टीने मोजून जा. पांढऱ्या पानावर थोडी रवाळ झाक येते, अक्षरं किंचित मऊ दिसतात, फोटो एडिटिंगवाल्यांनी तर दहादा विचार करा. लावताना पंखा बंद, नाहीतर धुळीचा एक कण आत गेला की बुडबुडा कायमचा. आणि ज्या लॅपटॉपचं झाकण कीबोर्डवर अगदी घट्ट बसतं त्यावर जाड फिल्म नकोच, स्क्रीनवर दाब येतो.

स्क्रीन पुसा पण, बोटांचे तेलकट डाग उजेडात चौपट दिसतात. मायक्रोफायबर कापड किंचित ओलं करून, बंद स्क्रीनवर, हलक्या हाताने. खिडकीच्या काचेचा स्प्रे मारू नका, त्यातल्या अमोनियाने वरचं कोटिंग जाऊ शकतं.

आणि पोलराइज्ड गॉगल लावून बसलात आणि स्क्रीन अचानक काळी पडली तर घाबरून रिपेअरवाल्याकडे धावू नका, मान जरा तिरकी करा किंवा सरळ गॉगल काढा.