टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषाची हाडं: तपासणीच्या फेरीआधीची तयारी

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी झालं की पुरुषाचं हाड आतून विरळ होत जातं आणि ते होताना काहीच दुखत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी उचलताना कमरेत कळ येते, दोन महिने मालीश चालते, मग एक्स-रेत मणका चेपलेला दिसतो. तोवर बरीच वर्षं हातची गेलेली असतात. म्हणून तपासणीची फेरी लवकर करावी, पण तयारीनिशी करावी. नागपूर-वर्ध्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि दोघांचं एसटीचं तिकीट. रक्त चुकीच्या वेळी दिलं किंवा सकाळी सवयीनं कॅल्शियमची गोळी घेतली, तर सगळी फेरी वाया.

आधी निघायचं कोणी ते बघा. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी हार्मोन बंद करणारी इंजेक्शनं चालू असतील किंवा अंडकोश काढले असतील, तर थांबूच नका. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमध्ये बदलतो आणि पुरुषाचं हाड टिकवण्यात त्या इस्ट्रोजेनचा वाटा मोठा असतो. या उपचारात दोन्ही एकदम घसरतात आणि पहिल्याच वर्षी हाड झपाट्यानं जातं. लहानपणी अंडकोश खाली उतरले नव्हते, गालगुंडात अंडकोश सुजले होते, अनेक वर्षांचा मधुमेह आणि सुटलेलं पोट आहे, अशांनीही जावं. आपल्याकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांनी तर नक्कीच. त्या आजारात टेस्टोस्टेरॉन कमी असू शकतं, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते वेगळ्याच कारणानं खराब होतं. खुबा दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना ते वेगळं सांगा.

सांधेदुखीसाठी बिनलेबलच्या पुड्या किंवा सुट्या गोळ्या घेत असाल, तर त्या घेऊन जा. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. ते टेस्टोस्टेरॉनही खाली आणतं आणि हाडही खातं. मात्र अनेक महिने घेतलेली पुडी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड तोवर थंडावलेलं असतं, अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या होऊन जिवावर बेतू शकतं. ती कशी उतरवायची हे डॉक्टर ठरवतील.

टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. दुपारी पातळी आपसूक उतरते, जेवणानंतरही उतरते, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ‘कमी’ असा शिक्का बसतो. एकाच रिपोर्टवर निदान करू नये, दोन वेगवेगळ्या सकाळी तपासावं. पहाटेची गाडी पकडून दहाच्या आत पोचणं जमत नसेल, तर तालुक्याच्या लॅबमध्ये आधीच रक्त द्या आणि रिपोर्ट सोबत न्या. अजून एक गोष्ट: रात्रीच्या लायनीवर (रात्री येणाऱ्या विजेवर) ओलित करून आलात, तर त्या सकाळी रक्त देऊ नका. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं. जागरण झालं की आकडा खोटा येतो. ताप, डेंग्यू, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांतही तसंच, बरं वाटल्यावर काही आठवडे जाऊ द्या. एकूण टेस्टोस्टेरॉन साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोनदा आलं, तर पुढे एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन ही आणखी तीन हार्मोन्स बघतात. त्यातून बिघाड अंडकोशात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, ते कळतं. त्याच सुईत कॅल्शियम, फॉस्फरस, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर उरकून घ्या, म्हणजे दुसरी फेरी वाचते.

हाडांची घनता मोजायची ती डेक्सा या एक्स-रेच्या यंत्रावर. गावातल्या मोफत शिबिरात टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवून ‘बीएमडी’ काढून देतात. तो अल्ट्रासाउंड असतो. त्याच्या आकड्यावर हाडांच्या ठिसूळपणाचं निदान करत नाहीत, औषध तर मुळीच सुरू करू नका. नागपूरचं मेडिकल असो, एम्स असो की सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, निघण्याआधी फोन करून विचारा: डेक्सा होते का, कोणत्या वारी, नंबर आधी लावावा लागतो का. तपासणीआधी २४ तास कॅल्शियमची गोळी बंद. बेरियमची तपासणी किंवा डाय टाकून सीटी स्कॅन झाला असेल, तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, कारण ते औषध पोटात उरलं तर मणक्यावर हाडासारखंच पांढरं दिसतं. नाडीचा पायजमा घाला. करदोड्याची चांदी, ताईत, खिशातली चिल्लर, चुन्याची डबी काढून ठेवा. कंबर आणि खुबा मोजतातच. प्रोस्टेटची हार्मोन इंजेक्शनं चालू असतील तर मनगटाकडचा हातही मोजायला सांगा.

रिपोर्टवर टी-स्कोअर (धडधाकट तरुणाच्या हाडाशी तुलना) उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ मध्ये हाड विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ठिसूळ. पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी झेड-स्कोअर (त्याच वयाच्या लोकांशी तुलना) बघतात, तो उणे २ किंवा खाली असेल तर वयाच्या मानानं कमी. पुढच्या वेळी शक्यतो त्याच यंत्रावर मोजा. दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांसाठी इथे एक मोठी अडचण आहे. या भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षं हाडात साचलं की हाड डेक्सावर घट्ट दिसतं, टी-स्कोअर चांगला येतो, आणि तरी हाड काचेसारखं तडकतं. दातांवर तपकिरी पट्टे, मान-कंबर ताठ, असं असेल तर डॉक्टरांना पाण्याबद्दल स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. ग्रामपंचायतीत पाणी तपासणीचा अहवाल मागा. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं.

पिशवीत आधार, रेशन कार्ड, जुने केस पेपर, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं. उंची घरीच भिंतीला टाच लावून मोजून लिहा. तरुणपणच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर घटली असेल, तर न दुखताच मणका चेपला असण्याची शक्यता असते आणि पाठीचा एक्स-रे मागायला हवा.

औषध सुरू होण्याआधी दात दाखवा. याबाबतीत टाळाटाळ करू नका, कारण हाडाच्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण) खाणाऱ्यांचं तोंड पुरतं उघडत नाही, म्हणून दाताचं काम लांबतं. महिनाभर आधीच सुरुवात करा, आणि खर्रा सोडा. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढतात, नाहीतर झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडाचं औषध दिल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरून हातापायांत गोळे येतात. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ८ आठवडे असते. ती रोज घेतली गेली की तहान, उलट्या, बद्धकोष्ठता होते आणि किडनी बिघडते. बाजारचा वार ठरवून टाका, चूक होणार नाही.

हाडाच्या औषधांपैकी अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही. आडवं झालं तर अन्ननलिका भाजते, चहासोबत घेतली तर औषध अंगी लागत नाही. झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. त्याआधी किडनीचा रिपोर्ट हवा, आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्यावं. नंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, त्यावर पॅरासिटामॉल घ्या, दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. डेनोसुमॅब हे हाडाचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी घ्यायचं असतं आणि त्याची तारीख चुकवणं फार धोक्याचं. उशीर झाला की हाड झपाट्यानं उतरतं आणि मणके मोडतात. पहिलं इंजेक्शन फेब्रुवारीत घेतलं तर दुसरं ऑगस्टमध्ये येतं, पेरणीतही नाही आणि सोयाबीनच्या सोंगणीतही नाही. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणून मे महिन्यात पिशवीत घालून गावी आणू नका, जिथे घ्याल तिथेच टोचून घ्या.

बरेच जण समजतात की टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतलं की हाड आपोआप भरेल. घनता वाढते हे खरं. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरच्या पुरुषांत वर्षभरात मणक्याची घनता वाढली. पण २०२४ मध्ये आलेल्या ट्रॅव्हर्स चाचणीच्या निष्कर्षांत, ४५ ते ८० वयाच्या आणि हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पुरुषांत, सुमारे तीन वर्षांत टेस्टोस्टेरॉन जेल घेणाऱ्या ३.५० टक्के आणि न घेणाऱ्या २.४६ टक्के लोकांची हाडं मोडली. म्हणून खरी कमतरता असेल तर टेस्टोस्टेरॉन जरूर घ्या, पण हाड ठिसूळ असेल तर हाडाचं औषध वेगळं लागतं. मूल हवं असेल तर ते इंजेक्शन घेण्याआधीच सांगा, त्यानं शुक्राणू बनणं थांबतं. प्रोस्टेटचा कॅन्सर असेल तर स्वतःहून नकोच. चालू असताना हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासत राहा, ५४ टक्क्यांवर गेलं तर थांबवतात.

खाण्यात दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. ज्वारीच्या भाकरीत ते फारसं नसतं आणि चहातलं दूध हिशेबात धरू नका. ४०० मिलीलिटर दुधातून ५०० च्या आसपास मिळतं, वाटीभर दह्यातून दीडशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्याच्या भाजीतूनही बऱ्यापैकी. राहिलेलंच गोळीनं भरा. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, जेवणासोबत घ्या, थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास लांब. सोयाबीन खाल्ल्यानं पुरुषपण कमी होतं म्हणून आपल्याच वावरातलं सोयाबीन टाळणारे आहेत. अभ्यासांत खाण्यातल्या सोयामुळे टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलेलं नाही. नीट शिजवून खा, ३० ग्रॅम सोयावडीत १५ ग्रॅम प्रथिनं असतात.

चालणं चालू ठेवा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहादा, दिवसातून दोन वेळा. मणका चेपला असेल तर वाकून गोणी उचलणं बंद, आणि १६ लिटरचा फवारणी पंप अर्धाच भरा, दोन्ही पट्टे खांद्यावर घेऊन. रात्री धुऱ्यावर बॅटरीशिवाय जाऊ नका, न्हाणीत शेवाळ साचू देऊ नका. पाठीत अचानक कळ येऊन पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मालीश नको, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.