जुनी मशीन जोडताना या चुका टाळा: सीरियल वायरपासून हॅम रेडिओपर्यंत

जुन्या कॉम्प्युटरच्या नेटवर्किंगमध्ये सगळ्यात वैताग आणतं ते हे, की बिघाड कुठलाही असो, लक्षण एकच. केबल उलटी असली तरी स्क्रीन गप्प, आयआरक्यू (कार्डांनी प्रोसेसरला हाक मारायच्या लाइनी) भिडले तरी स्क्रीन गप्प, आणि रेडिओ पॅकेटचं तोंड गिळत असला तरी स्क्रीन गप्पच. मग माणूस हाताला लागेल ते बदलत सुटतो. कार्ड, ड्रायव्हर, बॉड रेट (लाइनचा वेग), सगळं एकाच संध्याकाळी. चालू झालंच तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुन्हा बंद पडलं की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून मी चुका तपासतो त्याच क्रमाने इथे लिहिल्यात, वायरपासून वर.

केबल बसली म्हणजे जुळली असं नाही

पीसीच्या ९ पिनांच्या सीरियल पोर्टवर २ नंबरची पिन रिसीव्हची आणि ३ नंबरची ट्रान्समिटची. २५ पिनांच्या पोर्टवर बरोबर उलटं. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर या वायरींची अदलाबदल केलेली नल मोडेम केबल लागते. कॉम्प्युटरला मोडेम किंवा टीएनसी (रेडिओसाठीचा मोडेमच म्हणा) जोडायचा तर सरळ केबल. दोन्ही केबली बाहेरून सख्ख्या बहिणी दिसतात, त्यामुळे मी आता प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवतो.

शंका आली की लूपबॅक करा. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये लोकल एको (टाइप केलेलं आपणच स्क्रीनवर दाखवणं) आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल (‘थांब’, ‘पाठव’ हे वायरीवरून सांगणं) बंद करायचं, सरळ केलेल्या यू-पिनेने पोर्टची २ आणि ३ नंबरची पिन जोडायची आणि काहीही टाइप करायचं. अक्षरं परत आली तर पोर्ट ठीक. मग केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला हेच करा. अक्षरं यायची थांबली की घोडं कुठे पेंड खातंय ते कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण नव्वद टक्के मंडळी ते शेवटी करतात. माझी गणतीही बरीच वर्षं त्यांच्यातच होती.

व्होल्टेजची चूक मात्र महागात पडते. आरएस-२३२ च्या, म्हणजे सीरियल पोर्टच्या, लाइनवर सहज उणे १२ व्होल्ट असतात. ती ३.३ व्होल्टच्या वायफाय बोर्डाला थेट जोडली की बोर्ड गेलाच, मध्ये व्होल्टेज बदलणारी मॅक्स३२३२ सारखी चिप हवी. कमोडोर ६४ च्या यूझर पोर्टची गोष्ट याउलट. तिथे ५ व्होल्टचे टीटीएल (साध्या लॉजिक चिपांचे) सिग्नल थेट ६५२६ सीआयए चिपमधून येतात आणि त्याच पोर्टवर ९ व्होल्ट एसीही आहे. मशीन चालू असताना तिथे काही काढाघाला केली आणि हात जरा तिरका गेला, की चिप शोधत फिरावं लागतं.

वेगाची हाव

११५२०० बॉडवर दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट येतो. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरला तेवढ्या वेळात ४१४ क्लॉक सायकल मिळतात. त्यात इंटरप्ट घ्यायचा, बाइट उचलायचा, जागेवर ठेवायचा आणि परतायचं. मध्येच डिस्कवर लिहायची वेळ आली की पुढचा बाइट मागच्याच्या उरावर बसतो. जुन्या ८२५० आणि १६४५० यूएआरटीमध्ये (सीरियल पोर्ट चालवणारी चिप) बाइट थोपवून धरायला फिफो बफर नाही. १६५५०ए मध्ये १६ बाइटचा आहे. (नुसत्या १६५५० मध्येही होता, पण सदोष, म्हणून शेवटचा ‘ए’ बघून घ्या.) ९६०० वर सुरू करा, फाइल शाबूत पोचली की वाढवा.

फ्लो कंट्रोल दोन्ही टोकांना सारखं ठेवा, शक्यतो आरटीएस-सीटीएस (वेगळ्या वायरींवरून). एक्सऑन-एक्सऑफ (डेटातच ‘थांब’ आणि ‘चालू’चे बाइट) गप्पा मारायला ठीक आहे. झिप फाइल पाठवताना आकडा १९ चा बाइट आला की समोरचा त्याला ‘थांब’ समजतो आणि जन्मभर थांबून राहतो.

कोॲक्सचं दुखणं

१०बेस२ म्हणजे पातळ कोॲक्सचं इथरनेट. एकदा माझी तीन मशीन एकमेकांना कधी दिसायची, कधी नाही. दोन संध्याकाळी मी कार्डांना शिव्या घातल्या. शेवटी सगळं बंद करून मल्टीमीटरने टी-कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची कडी यांमधला रेझिस्टन्स मोजला. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) असले की साधारण २५ ओहम यायला हवेत. माझ्याकडे ३० आले. एक टर्मिनेटर ७५ ओहमचा, व्हिडिओच्या सामानातून घुसलेला. ५० आले असते तर एक टर्मिनेटर गायब किंवा केबल मध्येच तुटलेली.

टीव्हीची केबलही ७५ ओहमचीच, ती इथे नको. आणि टी थेट कार्डाला लावायचा. टेबलाखालून केबलचा तुकडा ओढून त्याच्या टोकाला मशीन टांगलं तर ते चालल्यासारखं करतं आणि ऐन वेळी दगा देतं.

एनई२००० जातीचं इथरनेट कार्ड बहुधा ३०० हेक्स पत्ता आणि आयआरक्यू ३ वर बसलेलं येतं. आयआरक्यू ३ हा कॉम-२ चाही. दुसऱ्या सीरियल पोर्टवर टीएनसी लावायचा बेत असेल तर इथेच टक्कर होते, आणि रेडिओ सुरू केला की नेटवर्क मरतं. दोष मात्र रेडिओच्या माथी.

हवेवर गेल्यावर

हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आणि कॉलसाइन (हवेवरची ओळख) आहे असं धरून चालतो. पॅकेट रेडिओत सगळ्यात जास्त नडतो तो टीएक्सडिले, म्हणजे पीटीटी (रेडिओचं बोलायचं बटण) दाबल्यापासून डेटा सोडेपर्यंतची उसंत. रेडिओला पूर्ण ताकदीने उठायला वेळ लागतो. त्याआधी डेटा सोडला तर फ्रेमचं डोकं उडतं, चेकसम जुळत नाही आणि समोरचा टीएनसी ती मुकाट्याने टाकून देतो. तुमच्याकडे दिवा लागतो, तिकडे काहीच नाही. ३०० ते ५०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा आणि हळूहळू कमी करा. इथे एक छुपा खड्डा आहे. किस प्रोटोकॉलमध्ये (कॉम्प्युटर आणि टीएनसी यांच्यातली साधी बोली) हा आकडा १० मिलिसेकंदांच्या एककात असतो, काही प्रोग्रॅम मात्र तो थेट मिलिसेकंदांत मागतात. एकीकडचा ‘३०’ दुसरीकडे जसाच्या तसा टाकला की ३०० चे ३० झाले.

पीटीटीची वायर टाळून व्हॉक्सवर (आवाज आला की आपोआप ट्रान्समिट करणं) भागवणं हीही तशीच चूक. व्हॉक्स उशिरा उठतो आणि उशिरा सोडतो, तोवर समोरच्याची पोच येऊन गेलेली असते.

दुसरी खोड आवाजाची. १२०० बॉडला १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर असतात. सिग्नल जोरात जावा म्हणून पातळी चढवली की रेडिओचा लिमिटर ते सूर चेपतो. दुसऱ्या रिसीव्हरवर कान ठेवा. पातळी वाढवत न्या, आवाज वाढायचा थांबला की तिथून थोडी मागे या. आणि ९६०० बॉड माइक-स्पीकरमधून नेण्याचा नाद सोडा. त्याला डिस्क्रिमिनेटरचा (सिग्नलमधून आवाज सोडवणारा रेडिओतला भाग) कोरा ऑडिओ किंवा रेडिओचा डेटा पोर्टच लागतो.

पीटीटी अडकून राहत असेल, किंवा ट्रान्समिट करताच कॉम्प्युटर हँग होत असेल, तर आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) केबलीतून आत शिरतंय. ऑडिओला १:१ ट्रान्सफॉर्मर, पीटीटीला ऑप्टोकपलर, केबलींवर फेराइट आणि अँटेना टेबलापासून दूर. आधी पॉवर कमी करून बघा. त्रास थांबला तर निदान पक्कं. टीएनसी किस मोडमध्ये अडकून कमांडला दाद देत नसेल तर १९२, २५५, १९२ हे तीन बाइट पाठवा, शुद्धीवर येईल.

आता आयपी. १५०० बाइटचं पॅकेट १२०० बिट प्रति सेकंदाने जायला १० सेकंद लागतात, वर टीएक्सडिले वेगळा. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) २५६ बाइटच्या आसपास ठेवा. आजचा टीसीपी (पोच बघून पॅकेटं पाठवणारा प्रोटोकॉल) सेकंदभर पोचेची वाट बघून पहिलंच पॅकेट पुन्हा पाठवतो. इथे पहिलं अजून हवेतच असतं, आणि तुमच्याच पुनरावृत्तीने चॅनल तुंबतो. हे दुखणं जुनंच आहे. केए९क्यू या कॉलसाइनचे फिल कार्न यांनी पॅकेट रेडिओसाठी टीसीपी-आयपी लिहिलं, आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटवरून वेळ मोजू नये हा त्यांचा नियम, क्रेग पार्ट्रिज यांच्यासोबत १९८७ मध्ये मांडलेला, सगळ्याच टीसीपीने उचलला. तरीही सुरुवातीची वाट पाहण्याची मुदत तुम्हालाच वाढवावी लागते.

पत्ते जुन्या कागदांवरून उतरवत असाल तर सावधान. ४४ ने सुरू होणारे सगळे पत्ते एकेकाळी हॅम मंडळींचे होते. २०१९ मध्ये त्यातला ४४.१९२ पासून वरचा चौथा हिस्सा ॲमेझॉनला विकला गेला.

आणि घरचं लॅन जसंच्या तसं रेडिओला ब्रिज करू नका. घरातल्या प्रत्येक यंत्राची डीएचसीपीची (आयपी पत्ता मागणारी) हाक आणि विंडोजची ब्रॉडकास्टं तुमच्या कॉलसाइनखाली हवेत जातात, आणि १२०० बॉडचा चॅनल त्यातच भरून जातो. हव्या त्या पोर्टपुरतीच वाट ठेवा. एसएसएचही (सांकेतिक लॉगिन) नको. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक संदेश पाठवायचे नाहीत, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे उरलं टेलनेट, आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. हवेवरच्या लॉगिनसाठी एकदाच चालणारे पासवर्ड बनवून त्यांची यादी कागदावर ठेवा, वापरला की काट मारा.