कादंबरीतील घाईचे प्रेम विश्वसनीय कसे करावे

सोलापूरच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या नवोदितांच्या प्रेमकथांची काही हस्तलिखिते गेल्या काही वर्षांत माझ्या वाचनात आली. यंत्रमागांचा खडखडाट, एप्रिलमधले तापलेले पत्रे, शेंगाचटणी आणि कडक भाकरी हे सारे त्यांत मनापासून उतरलेले असते. परंतु नायक-नायिकेचे प्रेम जुळले की वाचकाच्या मनात एकच शब्द उमटतो : ‘इतक्यात?’ अशा वेळी लेखक बहुधा मधे आणखी दोन-चार भेटी घालतो आणि तरीही दोष तसाच राहतो, कारण वाचकाला पाने कमी पडलेली नसतात, पुरावा कमी पडलेला असतो. लेखकाने ‘त्याला ती आवडू लागली’ असे लिहिण्याच्या आधीच ती गोष्ट वाचकाला कळलेली असावी, हे ध्यानात ठेवून दुरुस्तीला बसावे.

सर्वप्रथम हस्तलिखित पंधरा दिवस नजरेआड ठेवावे आणि नंतर पेन्सिल हातात घेऊन, जिथे जिथे प्रेमाचे थेट विधान आहे, त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी. मग एका वेगळ्या कागदावर दोघांच्या सर्व भेटी क्रमाने लिहून काढाव्यात : भेट कोणत्या महिन्यात झाली, कुठे झाली, कोण कशासाठी आले होते आणि त्या भेटीत एकाला दुसऱ्याविषयी नवे काय कळले. शेवटच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही सापडत नसेल, तर ती भेट केवळ सजावटीची आहे असे समजावे. जन्माची गाठ बांधण्याचा निर्णय प्रत्यक्षात तीन भेटींवर आणि एका पावसाळी संध्याकाळीवर उभा आहे, हे या कागदावरून अनेकदा पहिल्यांदाच लेखकाच्या लक्षात येते.

त्यानंतर दोघांना प्रेमाशी संबंध नसलेले स्वतःचे काम आणि स्वतःची काळजी द्यावी. उदाहरणादाखल असे समजू की नायक शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषक पद्मशाली (विणकर समाजातल्या) घरातला असून चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो, तर नायिका मराठीभाषक आहे, तिची आई घरी विड्या वळते आणि ती स्वतः त्याच कारखान्यात हिशेब लिहिते. नक्षीदार कापड विणणाऱ्या पारंपरिक जॅकार्डच्या मागावर विणायची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढावी लागते आणि तिच्यावरून कार्डांना भोके पाडली जातात. एक चौकट चुकली तर ती चूक प्रत्येक चादरीत पुन्हा पुन्हा उमटते. असे काम करणारा माणूस स्वभावाने कसा असेल, चूक कबूल करताना त्याला काय वाटत असेल, हे लेखकाने शोधावे. त्याच्या चुकीमुळे वाया गेलेल्या मालाचा हिशेब तिला मांडावा लागला आणि त्याने स्वतः येऊन ‘चूक माझी आहे, कारागिराची मजुरी कापू नका’ असे सांगितले, तर त्या एका प्रसंगातून तिच्या मनात निर्माण होणारा आदर सौंदर्याच्या दहा वर्णनांनी साधणार नाही. भेटीचे कारणही कामातूनच आल्याने योगायोगाचा आधार घ्यावा लागत नाही. शहरात काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी, कारखान्याच्या पगाराचा दिवस, रोजच्या रस्त्यावरची एकच बस ही पुन्हा पुन्हा भेटण्याची खरी कारणे आहेत.

आता सर्वांत महत्त्वाच्या कामाकडे, म्हणजे संबोधनाकडे यावे. जवळीक किती वाढली हे मोजण्याचे सूक्ष्म साधन मराठीने आपल्याला जन्मतः दिलेले आहे आणि घाईच्या कादंबऱ्या नेमके तेच वाया घालवतात. पहिल्या प्रकरणात ‘तुम्ही’ म्हणणारी माणसे तिसऱ्या प्रकरणात ‘तू’ म्हणू लागतात आणि तो बदल कधी झाला हे लेखकालाही सांगता येत नाही. वास्तवात या दोन शब्दांच्या मधे एक मोठा प्रदेश असतो. ‘तुम्ही’ परके वाटू लागलेले असते आणि ‘तू’ म्हणण्याचे धैर्य झालेले नसते, तेव्हा आपण ‘चहा घेता का?’ किंवा ‘चहा घेतेस का?’ असे न विचारता ‘चहा घ्यायचा का?’ असे विचारतो. कर्ता गाळलेली अशी वाक्ये दोघांच्या तोंडी काही प्रकरणे राहू द्यावीत. मग एखाद्या रागाच्या किंवा भीतीच्या क्षणी ‘तू’ अनवधानाने निसटावे, दोघांनाही ते ऐकू यावे आणि कोणीही त्याबद्दल काही बोलू नये. संवाद ग्रांथिक मराठीत असतील तर हे साधत नाही. ‘मी जालालो’ (जातो आहे), ‘काय करलालास?’ (करतो आहेस) अशी सोलापुरी बोली घरच्यांशी बोलताना वापरणारा नायक नायिकेशी आधी जपून प्रमाण मराठी बोलतो आणि एके दिवशी तिच्यासमोरही बोलीवर येतो, हीसुद्धा प्रेमातली एक पायरीच आहे.

वर घेतलेल्या उदाहरणात भाषा आणखी एक संधी देते. नायकाची आई दारात आलेल्या नायिकेला सवयीने ‘तिन्नावा?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ असे विचारते, आणि त्याने अर्थ सांगण्यापूर्वीच ती तेलुगूत उत्तर देते. हे शब्द ती कधी आणि कोणाकडून शिकली, हे त्याला ठाऊक नाही. या ठिकाणी लेखकाने थांबावे. त्याला काय वाटले याचे स्पष्टीकरण लिहू नये.

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धरामेश्वर यांच्या जत्रेविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण सोलापूरच्या प्रेमकथांत तिचा मोह सहसा टळत नाही. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास होणारा अक्षता सोहळा, पांढऱ्या बाराबंदीतली (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातली) माणसे, सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीत उभ्या धरायच्या उंच काठ्या आणि त्यामागची, श्रीसिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी विवाह करणाऱ्या कुंभारकन्येची आख्यायिका हे सारे इतके भारलेले आहे की तिथे झालेली नजरानजर लेखकाला आपोआप अर्थपूर्ण वाटू लागते. परंतु ती भावना सोहळ्याची असते, पात्रांची नव्हे. म्हणून पहिली भेट तिथे घडवू नये. दोघांना कादंबरीत एकदा आधीच्या वर्षी परस्परांना न ओळखता त्या गर्दीतून जाऊ द्यावे आणि दुसऱ्या वर्षी, बरेच काही घडून गेल्यावर, अक्षता टाकताना एकाने दुसऱ्याला गर्दीत शोधावे. मधले वर्षभर वाचकाने त्यांच्यासोबत काढलेले असल्यामुळे ती शोधणारी नजर त्याला समजते.

यापुढची पायरी किमतीची. प्रेमासाठी दोघांपैकी प्रत्येकाने खरोखर मोलाचे काहीतरी पणाला लावले पाहिजे, आणि ती किंमत बाहेरच्या खलनायकाने लादलेली नसून त्यांच्या स्वतःच्या इच्छांतून आलेली असावी. पुण्यात मिळालेली चांगली नोकरी आणि विड्या वळून शिकवणाऱ्या आईला दिलेला शब्द यांत नायिका ओढली जात असेल, तर तिचा होकार उशिरा येणे स्वाभाविक ठरते. अपघात, आजारपण आणि अचानक आलेले स्थळ या युक्त्या शक्यतो काढूनच टाकाव्यात.

शेवटी हस्तलिखित अशा एका वाचकाला द्यावे ज्याला कथानक ठाऊक नाही, आणि ‘आवडले का?’ असे न विचारता ‘तिला तो आवडतो हे तुम्हाला कोणत्या पानावर कळले?’ एवढेच विचारावे. त्याने सांगितलेले पान सुरुवातीला पेन्सिलीने रेघ ओढलेल्या वाक्याच्या नंतरचे असेल, तर पुरावा अजून अपुरा आहे आणि भेटींच्या कागदाकडे परत जावे. ते आधीचे असेल, तर रेघ ओढलेले ते वाक्य खोडून टाकावे.