कोपनहेगनची लिटल मर्मेड बघायला जाताय? मग आधी हे वाचा

पहिली गोष्ट, अपेक्षा घरीच ठेवून जा. या जलपरीचा पुतळा जेमतेम सव्वा मीटरचा आहे, म्हणजे पहिलीतल्या पोराएवढा, आणि फोटोत दिसतो तसा भर समुद्रात वगैरे नाही, काठालगतच्या दगडांवर बसलीये बिचारी आणि मागे पलीकडच्या किनाऱ्यावरच्या फॅक्टऱ्या. मी तर गर्दी बघून विचारणार होतो की पुतळा कुठाय, तेवढ्यात एका काकांच्या सेल्फी स्टिकच्या खाली दिसली.

जायचं तर सकाळी लवकर जा, टूरच्या बसेस यायच्या आत. तिकीट नाही. ऑस्टरपोर्ट स्टेशनला उतरून चालत निघा, पण सरळ पुतळ्याकडे न जाता कास्टेलेट किल्ल्यातून जा, लाल बराकी, पवनचक्की, हिरवे तट, खरं सांगू तर पुतळ्यापेक्षा हेच जास्त आवडलं मला. बोटीतून बघायचा प्लॅन असेल तर तिची पाठच दिसते, आधीच सांगतोय.

आणि जाण्याआधी तिची हिस्टरी वाचा, त्याने मजा वाढते. 1913 पासून तिथे आहे, 1964 मध्ये कुणीतरी मुंडकं कापून नेलं, 1998 मध्ये पुन्हा तेच, 2003 ला तर स्फोट करून पाण्यातच पाडली. एवढं माहीत असलं की मानेकडे आपोआप नीट बघितलं जातं. दगड ओले असतात हां, फोटोसाठी चढताना बूट सांभाळा, माझा एक पाय गेलाच पाण्यात.