पळसपापडीचा अर्क पर्णकृमींवर तपासताना

म्हशीच्या यकृतातील पर्णकृमी (फॅसिओला जायगँटिका) वनस्पतीच्या अर्कात टाकले की बहुधा निपचित पडतात. ते अर्कातील औषधी द्रव्याने मेले की अर्काच्या आम्लतेने, उरलेल्या मिथेनॉलने की नुसत्या गारठ्याने, हे शोधण्यासाठीच ही चाचणी असते.

पळसाच्या बिया (पळसपापडी) सावलीत वाळवून दळा. १०० ग्रॅम भुकटी १ लिटर मिथेनॉलमध्ये ७२ तास झाकून ठेवा, अधूनमधून हलवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळे काम धूरखिडकीखाली (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), आगीपासून दूर करा. गाळून ४० अंश सेल्सिअसला निर्वात बाष्पकावर आटवा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक उरत नाही तोवर वाळवणे थांबवू नका. घाईने काढलेल्या अर्कात मिथेनॉल राहते आणि श्रेय पळसाला जाते.

२०० मिलिग्रॅम अर्क डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवून १ मिलि द्रावण करा. त्यातून डीएमएसओनेच निम्मे-निम्मे करत १००, ५० आणि २५ मिलिग्रॅम प्रति मिलिची द्रावणे बनवा. प्रत्येकातील ०.१ मिलि १९.९ मिलि माध्यमात घातले की मात्रा १, ०.५, ०.२५ आणि ०.१२५ मिलिग्रॅम प्रति मिलि होतात, आणि डीएमएसओ सगळीकडे ०.५ टक्केच राहतो. माध्यम म्हणून प्रतिजैविक घातलेले आरपीएमआय १६४० हे पोषक द्रावण वापरा. नुसत्या सलाइनमध्ये २४ तासांत कृमी आपोआप थकतात. अर्क मिसळल्यावर सामू मोजा आणि ७.२ ते ७.४ वर आणा.

कत्तलखान्यात जनावर कापल्याबरोबर पित्तनलिका उभ्या चिरून कृमी बोथट चिमट्याने अलगद उचला. ३८ अंशांच्या सलाइनच्या थर्मासमध्ये प्रयोगशाळेत आणा, तीन-चारदा धुवा आणि तासभर थांबा. फाटलेले, मंद कृमी बाजूला काढा. एकाच म्हशीचे सगळे कृमी एका बशीत नकोत. सगळ्या बशांत सारखे वाटा.

चार मात्रा, नुसते माध्यम, ०.५ टक्के डीएमएसओ आणि ओळखीचे औषध असे सात गट होतात. प्रत्येकी तीन बशा, बशीत पाच कृमी, म्हणजे १०५ कृमी लागतील. औषध म्हणून ट्रायक्लाबेंडाझोल या पर्णकृमीनाशकाचे सल्फॉक्साइड घ्या (१५ मायक्रोग्रॅम प्रति मिलि). मूळ औषधाचे सल्फॉक्साइड प्रामुख्याने जनावराच्या यकृतात होते आणि बशीत यकृत नसते.

बशा ३७ अंशांना ठेवून १, ३, ६, १२ आणि २४ तासांनी पाहा. हालचालीला गुण द्या: सगळे अंग हलते ३, मंद हलते २, फक्त टोक हलते १, काहीच नाही ०. अर्क गडद असेल तर कृमी स्वच्छ कोमट माध्यमात उचलून भिंगाखाली बघा. नोंद करणाऱ्याला कोणत्या बशीत काय आहे ते कळू नये.

इथेच सर्वाधिक फसगत होते. शून्य गुण म्हणजे मृत्यू नव्हे. असा कृमी ताज्या कोमट माध्यमात अर्धा तास ठेवा, मग सुईच्या बोथट टोकाने स्पर्श करा. हलला तर त्याला फक्त लकवा झाला होता. जनावराच्या अंगात असा लकवाही उपयोगी ठरू शकतो, पण त्याची नोंद मृत्यूपेक्षा वेगळीच हवी.

डीएमएसओच्या बशीतही मृत्यू झाले तर ॲबटचे सूत्र लावा: अर्कातील मृत्यूच्या टक्केवारीतून डीएमएसओतील टक्केवारी वजा करा, येणाऱ्या आकड्याला (१०० वजा डीएमएसओतील टक्केवारी) ने भागा आणि १०० ने गुणा. डीएमएसओत २० टक्क्यांहून जास्त मेले तर तो दिवसभराचा प्रयोग टाकून द्या.

बशीत मारणारी मात्रा म्हणजे जनावराचा डोस नव्हे. त्याआधी विषारीपणाची तपासणी आणि संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते.