फोनवर स्पेलिंग सांगताना 'बी' का 'डी' का 'पी' हा घोळ कसा टाळायचा

आमच्या वाडीत घरात रेंज नाही. सड्यावर जांभळीखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात आणि आंब्याच्या सीझनला मी तिथनंच पेट्यांच्या ऑर्डरी, पत्ते, आयएफएससी कोड सगळं घेत-देत असतो. तेव्हा 'हळू आणि मोठ्याने बोला' हा सल्ला मला कोणी देऊ नका. बी सी डी ई जी पी टी व्ही, सगळ्यांची शेपटी 'ई', कितीही बोंबललात तरी समोरच्याला शेपटीच ऐकू जाते. शिवाय साध्या फोनलाईनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, एफ आणि एस मधला फरक असतो बराचसा त्याच्या वर, तो कापलाच जातो.

कोड कागदावर लिहून समोर ठेवा. किती अक्षरं ते आधी सांगा: आयएफएससी ११, पॅन १०.

आता खरी मेख, प्रत्येक अक्षराबरोबर ओळखीला जो शब्द सांगायचा तो कुठला घ्यायचा. मी सुरुवातीला तोंडाला येईल ते मराठी शब्द घ्यायचो. 'जे, जाळ्याचा जे' म्हटलं, समोरच्याने झेड लिहिला, कारण आपण जाळं म्हणतो ते झेडसारखंच. 'के, खेडचा' म्हटलं तर के आणि पुढे एच पण आला. आपल्याकडे क म्हणजे के, सी, क्यू काहीही, त्यामुळे बाराखडीतले शब्द इंग्रजी अक्षरांना लावायचेच नाहीत. मग गावं घेतली, म्हटलं पाट्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. इटालियन लोक तेच करतात, एन नापोलीचा, आर रोमाचा. जर्मन लोकांची माणसांची नावं होती, त्यातली ज्यू नावं नाझींनी १९३४ साली हाकलली, एनला नाथानच्या जागी नॉर्डपोल म्हणजे उत्तर ध्रुव आणला, आणि २०२२ पासून ऑफिसच्या कामाला तेही शहरांवर आलेत. पण मी 'डी, दापोलीचा' म्हटलं आणि पार्सलवाल्याने पत्त्यातच दापोली टाकलं, हापूसची पेटी चार दिवस तिथे पिकत बसली. तेव्हा गावं फक्त गावकऱ्यांशी. पत्ता चालू असेल तर त्यांच्याशीही नको.

अनोळखी माणसाला विमानवाल्यांची अक्षरागणिक शब्दांची यादी, दुसरं काही नाही. १९५६ पासून तीच चालू आहे आणि ती इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश बोलणाऱ्या सगळ्यांना कळावी म्हणून पारखून घेतलेली, जे च्या ज्युलिएटला शेवटी दोन टी आहेत ते फ्रेंच माणसाने टी गिळू नये म्हणून. सव्वीसच्या सव्वीस पाठ करायला सांगतात त्यांचं ऐकू नका, घोळ घालणारी बाराच आहेत: ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, इको, गोल्फ, पापा, टँगो, व्हिक्टर, माइक, नोव्हेंबर, फॉक्सट्रॉट, सिएरा. डब्ल्यू, एक्स वगैरे बापडे तसेच कळतात. एका अक्षराला एकच शब्द, आज डेल्टा उद्या दिल्ली असलं नको.

आकडे सुटे सुटे. एकोणसत्तर, एकोणऐंशी मुंबईच्या पोरांना कळत नाही आणि म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. विमानवाले तर नऊला नायनर म्हणतात, फाइव्हशी गल्लत नको म्हणून. ओ की शून्य याची भांडणं मी ऐकतच नाही: आयएफएससीत पाचवी जागा कायम शून्य, पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर.

मराठी नाव देवनागरीत सांगायचं असेल तर काही शिकायला नको, शाळेतलं पुरतं: बाणाचा ण, बाळाचा ळ, पोटफोड्या ष, दुसरी वेलांटी.

शेवटी त्याच्याकडून परत म्हणून घ्या, नुसती अक्षरं नाही, शब्दांसकट. 'हो हो कळलं' म्हणाला की समजा कळलेलं नाही. आणि मधेच रेंज गेली तर जिथे तुटलं तिथून नाही, पुन्हा पहिल्या अक्षरापासून.